कळव्याचा फोन

संध्याकाळचे सहा वाजून गेले की माझा कान आपोआप फोनकडे जातो. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी ही खोड गेलेली नाही. बायको म्हणते, "अहो, आता तुमच्याकडे कुणी लोड मागणार नाहीये, निवांत चहा घ्या."

१९८३ साली राज्य वीज मंडळात, म्हणजे बोर्डात लागलो, २०१५ साली महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीतून बाहेर पडलो. मधल्या सगळ्या वर्षांत कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या पोफळी इथल्या भूमिगत वीजगृहात ऑपरेटर. डोंगराच्या पोटात काम असल्यामुळे बाहेर पाऊस आहे की ऊन हे आम्हाला कळायचं नाही, पण मुंबईत ऑफिसं सुटली हे बरोबर कळायचं. राज्यात कुणी किती वीज बनवायची हे ठरवणाऱ्या कळव्याच्या लोड डिस्पॅच केंद्रातून फोन यायचा, "पोफळी, पन्नास मेगावॉट वाढवा." थोड्या वेळाने, "अजून शंभर." नॉझल उघडलं की पेल्टन चक्रावर पाण्याची धार बसते आणि थांबलेला संच काही मिनिटांत ग्रीडला, म्हणजे विजेच्या जाळ्याला जोडला जातो. औष्णिक केंद्रातल्या मित्राला आम्ही यावरून चिडवायचो. त्याचा बॉयलर थंड पडला असेल तर पुन्हा अंगात यायला अर्धा दिवस जातो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे पुण्याहून आलेला भाचा. तो सोलरच्या धंद्यात आहे. जेवताना म्हणाला, "मामा, पाणी फुकट, कोळसा नको, मग कोयना चोवीस तास का चालवत नाहीत? राज्याला एवढी वीज लागतेय." प्रश्न साधा आहे आणि बऱ्याच शिकलेल्या लोकांना पडतो, म्हणून सविस्तर लिहितो.

कोयनेचे चारही टप्पे आणि पायथ्याचं वीजगृह मिळून क्षमता १९६० मेगावॉट. धरणाचा शिवसागर जलाशय भरला की १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाणी. आकडे ऐकून छाती फुगते. पण कृष्णा पाणी तंटा लवादाने, म्हणजे बच्छावत साहेबांच्या निवाड्याने, पश्चिमेकडे, म्हणजे वीजगृहांकडे वळवायला दिलंय वर्षाला ६७.५ टीएमसी. १ जून ते ३१ मे असं ते वर्ष. उरलेलं पाणी सांगली-साताऱ्याच्या उसाला, प्यायला, आणि पुढे नदीच्या वाटेने खाली. आता हिशेब करा. एक टीएमसी पाणी पावणेपाचशे मीटर खाली पोफळीला उतरलं की साधारण तीन कोटी युनिट निघतात, कोळकेवाडीच्या टप्प्यात आणखी थोडे. सगळे संच पूर्ण भाराने दिवसरात्र चालवले तर वर्षभराचं पाणी दोन महिन्यांच्या आतबाहेर संपेल. म्हणजे कोयना ही विहीर नाही, महिन्याचा पगार आहे. पहिल्या आठवड्यात उडवला तर पुढे उसनवारी.

त्यामुळे कोयनेची खरी किंमत किती युनिट यात नाही, कधी यात आहे. ५ एप्रिल २०२०ची रात्र आठवतेय? नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद. आमच्या गल्लीत लोक पणत्या लावत होते आणि मी घरात फोन हातात धरून, घामाघूम, कारण मागणी अशी एकदम पडली की ग्रीड कोसळू शकतं. देशाची मागणी ३१ हजार मेगावॉटने खाली आली, आणि दिवे लागल्यावर तितक्याच झपाट्याने वर चढली. देशभरातल्या जलविद्युत केंद्रांनी साडेसतरा हजार मेगावॉट आधी उतरवले, मग चढवले. ग्रीड हललं नाही. शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "किती छान वाटलं ना!" मी म्हटलं, हो, फारच.

आता ते नऊ मिनिटांचं नाटक रोज होतंय, फक्त सावकाश. शेतीपंप सौर वाहिन्यांवर जाताहेत, दुपारी सूर्य भरभरून वीज देतो. साडेसहाला तो मावळतो आणि त्याच वेळी घराघरांत एसी, टीव्ही, मिक्सर सुरू. नवी मुंबईतल्या डेटा सेंटरना तर ना रात्र ना रविवार. भाच्याचे पॅनेल जितके वाढतील तितका संध्याकाळचा कळव्याचा फोन मोठा होणार. हे त्याला सांगितल्यावर तो जरा गप्प झाला.

मग नवी धरणं बांधा, असं कुणी म्हणेल. कुठे बांधणार? लवादाचं पाणी वाटून झालंय. उरलेल्या दऱ्यांत सह्याद्रीचं राखीव जंगल आहे. आणि आमच्या पायाखालची जमीनही शांत नाही. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे चार-एकवीसला मी दहा वर्षांचा होतो. आईने झोपेतून ओढत अंगणात आणलं होतं आणि गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली होती. त्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर झोपलं, धरणाला तडे गेले. धरण मजबूत केलं, ते उभं आहे. पण हा परिसर अजूनही अधूनमधून हलतो, आणि आम्ही भांड्यांच्या आवाजावरून किती रिश्टर ते एकमेकांना सांगतो.

वाट निघतेय ती उदंचनाची, म्हणजे पंप्ड स्टोरेजची. दुपारच्या स्वस्त विजेने खालचं पाणी वर चढवायचं, संध्याकाळी तेच खाली सोडायचं. शंभर युनिट घालून पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. घाटा वाटेल, पण ज्या वेळी मिळतात त्या वेळेची ती किंमत. घाटघरला २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८पासून आहे. राज्याने २०२३च्या डिसेंबरात धोरण आणलं, आणि पुढच्या वर्षी टाटांनी भिवपुरी आणि शिरवता मिळून २८०० मेगावॉटचा करार केला. मला ही दिशा पटते. पाणी एकदा भरलं की फिरत राहतं, त्यामुळे लवादाशी भांडण कमी. फक्त "यात विस्थापन नाहीच" असं कुणी छातीठोक सांगू लागलं की मला शंका येते. वरचा तलाव कुणाच्या तरी पठारावरच होणार. शंभर वर्षांपूर्वी टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर तिथले मावळे सत्याग्रहाला उगाच बसले नव्हते.

आमच्या पाळीत एक फिटर होता. त्याचं गाव शिवसागराच्या पोटात. चुलते सोलापूर जिल्ह्यात गेले, याचं घर डोंगरावर वर सरकलं. एकदा सुट्टी काढून आम्ही तिघं लाँचने त्याच्याकडे गेलो. नाचणीची भाकरी, कुर्ल्यांचं कालवण, आणि उजेडाला कंदील. १९९१ साल असेल. मी काही बोललो नाही, तोच हसत म्हणाला, "आमच्याच पान्यावर चालतंय की तुमचं समदं, आन् आमच्याकडं ह्यो कंदील." पुढच्या पाळीला आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहून चौथा संच सुरू केला. साठ वर्षं उलटली तरी जमिनीच्या कागदासाठी कोयनानगरला माणसं आंदोलनाला बसतात तेव्हा मला तो कंदील दिसतो. नव्या प्रकल्पाच्या फायलीत पंपाची कार्यक्षमता दशांशापर्यंत लिहितात, तशी पर्यायी जमीन सात-बारासकट पहिल्याच पानावर लिहावी आणि मग खोदायला लागावं, एवढं मला म्हणायचंय.

राहता राहिलं अवजल. संचातून बाहेर पडलेलं पाणी कोळकेवाडीहून वाशिष्ठीत आणि तिथून अरबी समुद्रात. ते मुंबईला न्यायचं, हे मी नोकरीला लागल्यापासून ऐकतोय. माझी नोकरी संपली, पाणी अजून इथेच आहे.

काल भाच्याला संध्याकाळी अलोऱ्याकडे फिरायला नेलं. अवजलाच्या कालव्याच्या कठड्याला टेकून उभे होतो. पाणी संथ होतं, कडेला शेवाळ उघडं पडलेलं. मी घड्याळ पाहिलं, सव्वासहा. "थांब जरा," म्हटलं. वीसेक मिनिटांनी शेवाळावरून पाणी वर सरकायला लागलं, मग जोर धरला, आवाज वाढला.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"कळव्याचा फोन आला," मी म्हटलं.