डोक्याला मार लागल्यानंतरचे डोळे : माझा अनुभव

रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. अशाच एका पायरीवरून घसरून माझे डोके मागून आपटले. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा अस्थिभंग आढळला नाही. कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा, असे निदान झाले. पहिले एक-दोन दिवस विश्रांती आणि मग हळूहळू नेहमीचे व्यवहार, असे डॉक्टरांनी सांगितले.

डोकेदुखी ओसरली, पण पतसंस्थेत कामावर रुजू झाल्यावर खतावणीतले आकडे जागेवर राहीनात. एका रकान्यातली रक्कम शेजारच्या रकान्यात सरकल्यासारखी दिसे, ओळ हातची सुटे, आणि एक डोळा झाकला की सारे पुन्हा जागच्या जागी येई. ट्यूबलाइटचा उजेड खुपे, आणि रेल्वेच्या खिडकीतून मागे पळणारे माड पाहिले की मळमळू लागे.

नेत्रतपासणीत मी तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. ‘‘काका, नंबरसुद्धा बदललेला नाही,’’ असे तिथल्या मुलीने आनंदाने सांगितले, आणि ते खरेच होते. मात्र तो तक्ता दूरची स्पष्टता मोजतो. जवळचे पाहताना दोन्ही डोळे बरोबरीने नाकाकडे वळतात की नाही, हे त्यातून कळत नाही. हे वळणे, भिंगाचे जवळच्या अंतराशी जुळणे आणि शब्दावरून शब्दावर नजरेचे उडणे या साऱ्यांचे नियंत्रण मेंदूच्या अनेक भागांतून होते. हादऱ्याने ते विस्कळीत झाले तरी सीटी स्कॅन निर्दोष येऊ शकतो, कारण त्यात रचना दिसते, कार्य दिसत नाही.

मुंबईतल्या तिरळेपणाच्या तज्ज्ञांकडे ऑर्थोप्टिस्ट, म्हणजे दोन्ही डोळ्यांचा मेळ तपासून व्यायाम देणाऱ्या, ताईंनी पेनाचे टोक माझ्या नाकाकडे आणत नेले. साधारणपणे ते ५-६ सेंटिमीटरपर्यंत एकच दिसायला हवे; मला १८ सेंटिमीटरवरच दोन दिसू लागले आणि उजवा डोळा बाहेर सरकला. याला कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी, म्हणजे जवळचे पाहताना डोळे पुरेसे आत न वळणे, असे म्हणतात. जिना उतरताना वस्तू एकाखाली एक दिसतात का, हेही त्यांनी विचारले, कारण मेंदूतून निघून डोळा हलवणाऱ्या चौथ्या मज्जातंतूला इजा झाली की तसे होते. माझे तसे नव्हते.

व्यायामासाठी तीन रंगीत मणी ओवलेली दोरी मिळाली. तिचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचे, दुसरे नाकाशी धरायचे आणि मधल्या मण्याकडे पाहायचे. प्रत्येक डोळ्याला दोरी वेगळी दिसते, म्हणून डोळे नीट जुळले तर एकीच्या दोन झालेल्या दोऱ्या नेमक्या त्या मण्यावर एकमेकींना छेदताना दिसतात. माझी फुली मण्याच्या पलीकडे पडे, आणि ती मण्यावर आणताना कपाळ ठणकू लागे. ठणका वाढला की थांबायचे, असे ताईंनी बजावले होते. घरात काळा चष्मा लावायला त्यांनी मनाई केली, कारण अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना उजेड अधिकच झोंबतो. समुद्रावरच्या उन्हात मात्र टोपी आणि गॉगल दोन्ही वापरायचे. माझ्या मते या सूचनेचा उपयोग दोरीइतकाच झाला.

आता खतावणी सलग वाचता येते, महिनाअखेरच्या ताळेबंदाला मात्र अधूनमधून उठून लांब पाहावे लागते. धावत्या एसटीत मोबाइल वाचणे अजून जमत नाही.