फाल्गुन २०५१ म्हणजे कोणतं साल?

ओहायोतल्या कोलंबसमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर भूतानमधून हाकललेलं एक नेपाळीभाषक कुटुंब राहायचं. नवरा, बायको आणि सासूबाई. झापा जिल्ह्यातल्या बेलडांगी छावणीत अठरा-एकोणीस वर्षं काढून मार्च २०११ मध्ये ते निर्वासित म्हणून इथे आले. वर्ष भरल्यावर त्यातल्या बायको, म्हणजे आमच्या दीदी, कागदांची पिशवी घेऊन वर आल्या. "बहिनी, तुम ये अक्षर पढ़ सकती हो ना?" देवनागरी ना! मी हो म्हटलं.

निर्वासिताला अमेरिकेत एक वर्ष झालं की ग्रीन कार्डसाठी अर्ज करावाच लागतो. इथे आल्यावर ज्यांना असायलम, म्हणजे आश्रय मिळतो, त्यांनाही वर्षानंतर अर्ज करता येतो, पण सक्ती नाही. प्रत्येकाचा वेगळा आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा फॉर्म, भरायचा. निर्वासितांना त्याची फी नाही, हे दीदींना आधी सांगितलं, कारण त्या बिचाऱ्या पैसे साठवत होत्या. एका दवाखान्याने अर्जासाठीच्या पूर्ण वैद्यकीय तपासणीचे पैसे सांगितले, तेव्हा मला फार राग आला. तपासणी नेपाळहून निघतानाच झाली होती, आता फक्त लसींचा भाग भरून हवा होता. तो सरकारी आरोग्य विभागात झाला.

खरी गाठ पडली लग्नाच्या कागदाशी. तारीख होती फाल्गुन २०५१, विक्रम संवत. मी ५७ वजा करून १९९४ लिहिलं. दीदींच्या जुन्या फाइलमध्ये मात्र १९९५. घाबरलेच. मग लक्षात आलं, नेपाळी वर्ष एप्रिलच्या मध्यावर वैशाखात सुरू होतं, म्हणून फाल्गुन पुढच्या इसवी सनात जातो. तिथे ५६ वजा करायचे. पूर्ण फॉर्म पुन्हा लिहिला. निर्वासिताच्या बाबतीत दोन कागदांवर दोन तारखा म्हणजे उगाच संशय, आणि यांनी संशय पुरेसा सोसला होता.

भाषांतरावर सही मात्र मी केली नाही. लिपी माझी, भाषा नव्हे. दोन्ही भाषा जाणणाऱ्या त्यांच्यातल्याच एका मुलाने भाषांतर केलं आणि ते पूर्ण व अचूक असल्याचं लिहून दिलं. फॉर्म भरणारी म्हणून मी माझ्या रकान्यात सही केली. कायद्याचे हो-नाहीचे प्रश्न पुनर्वसन संस्थेच्या वकीलबाईंनी तपासले. ते शेजाऱ्याने ठरवू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

बोटांचे ठसे द्यायला मीच गाडीने नेलं. सासूबाईंचं आयुष्य वेलचीच्या मळ्यात गेलेलं, बोटांच्या रेषा झिजलेल्या. तिथल्या बाईने एकेक बोट ओलं करून, पुसून, हलकेच दाबून पुन्हा पुन्हा ठसा घेतला. आजी श्वास रोखून बसल्या होत्या.

काही महिन्यांनी कार्डं आली. निर्वासिताचा कायम वास्तव्याचा काळ कार्ड मिळाल्यापासून नव्हे, देशात पाऊल ठेवल्यापासून धरतात. नागरिकत्वासाठी लागणारी ५ वर्षंही तिथूनच मोजायची. दीदींनी कार्डावरच्या तारखेवर बोट ठेवलं. मार्च २०११.

"यो त हामी आएको दिन हो," हा तर आम्ही आलो तो दिवस, त्या म्हणाल्या, आणि कार्ड सासूबाईंच्या हातात दिलं.