'सैराट'चा उत्तरार्ध, केमनिट्सहून पाहिलेला

आवडत्या चित्रपटांविषयी लिहावे, असा आग्रह सोलापूरची मित्रमंडळी अधूनमधून करतात आणि मी तो टाळत आलो आहे, कारण अशा याद्यांमध्ये आवडीपेक्षा मिरवण्याचाच भाग जास्त असतो. परंतु परदेशी आल्यापासून एक गोष्ट निश्चितपणे बदलली आहे. जे चित्रपट मला सोलापुरात असतानाही आवडत होते, तेच आजही आवडतात. मात्र त्यांतला आवडणारा भाग आता वेगळा आहे. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे 'सैराट'.

२०१६ च्या एप्रिलअखेर 'सैराट' प्रदर्शित झाला तेव्हा आपल्या जिल्ह्यात काय वातावरण होते, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातील जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची, पडद्यावर दिसणारे पाणी उजनीचे आणि बोली तर आपल्या घरातलीच. 'झिंगाट' सुरू झाले की लोक खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचायला जात असत. मध्यंतरानंतर मात्र आमच्या आसपासच्या प्रेक्षकांची चुळबुळ सुरू झाली. गाणी संपली, उजनी संपली, बुलेट चालवणारी नायिका आर्ची प्रियकर परशासोबत पळून हैदराबादच्या झोपडपट्टीत येऊन पडली, आणि 'आता हे किती ताणणार' अशी कुजबुज कानावर आली. खरे सांगायचे तर मलाही तो भाग तेव्हा लांबलेला वाटला होता.

आता मी केमनिट्समध्ये राहतो. पूर्व जर्मनीतील हे शहर एकेकाळी 'सॅक्सनीचे मँचेस्टर' म्हणून ओळखले जाई. येथे सूतगिरण्या होत्या आणि त्यांना लागणारी यंत्रे घडवणारे कारखानेही होते, त्यामुळे गिरण्यांच्या आठवणींवर वाढलेल्या सोलापूरकराला ते अगदीच परके वाटत नाही. अडचण होती ती भाषेची. या देशात परदेशी चित्रपट बहुतेक वेळा जर्मन संवाद चढवूनच दाखवले जातात. मूळ भाषेतील, खाली जर्मन अक्षरे उमटणारा खेळ हवा असेल, तर जाहिरातीत 'ओएमयू' ही तीन अक्षरे शोधावी लागतात. पहिल्या हिवाळ्यात जर्मन तोंडाने बोलणारे अमेरिकी नट पाहून मी कंटाळलो आणि घरी, लॅपटॉपवर, पुन्हा 'सैराट' लावला. पूर्वार्ध पूर्वीसारखाच मजेत गेला, पण मी खिळून राहिलो तो उत्तरार्धात.

गावातील आर्ची आठवा. वर्गात ती दरडावते तेव्हा मराठीत कळत नसेल तर इंग्रजीत सांगू का, असे विचारण्याची तिची हिंमत असते, कारण गाव, कॉलेज, शेत, ट्रॅक्टर सगळे तिच्या बापाचे आहे आणि भाषाही त्यातच आली. हीच मुलगी हैदराबादेत उतरते तेव्हा तिच्याजवळ असलेली एकही भाषा तेथे पुरेशी ठरत नाही. ती गप्प होते. डोसा विकणारी सुमनअक्का तिला आधार देते, बाटल्या भरण्याच्या कारखान्यात काम मिळते, सोबतची एक मुलगी तिला तेलुगू शिकवते, आणि हळूहळू, कोणताही गाजावाजा न होता, आर्चीचा आवाज परत येतो. तो पूर्वीचा दरडावणारा आवाज मात्र राहिलेला नसतो. भाड्याने राहणाऱ्या, वेळेवर कामाला जाणाऱ्या, शेजाऱ्यांशी जमवून घेणाऱ्या बाईचा तो आवाज असतो. मराठी चित्रपटात स्थलांतराविषयी इतके नेमके काही मी पाहिलेले नाही. (सोलापूर शहराच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलली जाते, तेव्हा तेथील प्रेक्षकांना हे प्रसंग आमच्यापेक्षा कितीतरी आधी कळले असतील.)

यातील बारकावे मी बार्शीच्या किंवा मोहोळच्या एखाद्या मुलाला समजावून सांगू शकणार नाही, पण परदेशात पहिले वर्ष काढलेला कोणीही ते ओळखील. सामायिक संडासाच्या वासाने आर्ची नाक दाबते, रडते, परशाला काय करावे ते सुचत नाही. प्रेम आटलेले नसते, तरी दोघांची भांडणे होतात, कारण दिवसभर दुसऱ्यांच्या भाषेत वावरून थकलेल्या माणसाला घरी आल्यावर भांडायला एकच माणूस उरलेला असतो. पुढे थोडी सुबत्ता येते, मूल होते, आणि आर्ची आईला फोन लावते. त्या फोननंतर घरून माणसे येतात, भेटवस्तू घेऊन. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

गेल्या वर्षी कार्यालयातील दोन जर्मन सहकाऱ्यांना मी हा चित्रपट घरी दाखवला. येथील चित्रपटगृहांत सहसा मध्यंतर नसते, त्यामुळे मी अर्ध्यावर चित्रपट थांबवून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे ठेवली, तेव्हा दोघांनाही चित्रपट संपलाच असे वाटले. पूर्वार्ध त्यांना देखणा, पण फार लांब वाटला. अजय-अतुल यांच्या संगीतातील पाश्चात्त्य वाद्यवृंद अमेरिकेत ध्वनिमुद्रित केला होता, हे ऐकून मात्र ते चकित झाले. उत्तरार्धात दोघेही एक शब्द बोलले नाहीत. शेवटी आवाज पूर्ण बंद होतो तेव्हा एकाने स्पीकरची वायर निघाली का, म्हणून वळून पाहिले, आणि तेवढ्यात ते लहान मूल दारातून आत गेले. आपल्याकडे सर्वांना हवाहवासा वाटलेला भाग त्यांना जास्तीचा वाटला, आणि आपण ज्याला कंटाळलो होतो तोच त्यांच्या दृष्टीने खरा चित्रपट ठरला. त्यांचेच बरोबर, असे मी म्हणणार नाही. पूर्वार्धातील ते गाव आपल्या मनात मुरलेले नसेल, तर हैदराबादेत आर्चीने काय गमावले हे कळणार तरी कसे?

सोलापूरहून बाहेर पडलेल्या माणसाची आणखी एक गोष्ट पडद्यावर आहे, आणि तिचा उल्लेख टाळणे अशक्य आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. त्यानंतर चारच वर्षांनी व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला आणि कोटणीसांची भूमिकाही स्वतःच केली. मृत्युशय्येवरील डॉक्टर आपल्या चिनी पत्नीला घरची वाट सांगतो, तो प्रसंग पाहताना माझा गळा आजही दाटून येतो. तरीही या चित्रपटाशी माझे थोडे भांडण आहे. तो काळ पाहता ते समजण्यासारखे आहे, पण त्यातील कोटणीस सुरुवातीपासूनच पुतळा झालेले आहेत. प्रत्यक्षातील कोटणीसांना तेथे जाऊन चिनी भाषा शिकावी लागली होती, अनोळखी लोकांत स्वतःची जागा करावी लागली होती, आणि सोलापूरचा एक तरुण डॉक्टर ते कसे करू शकला, हे पाहायला मला फार आवडले असते. भैय्या चौकातील त्यांच्या स्मारकात शालेय सहलीबरोबर गेलो होतो, तेव्हा हा प्रश्न मला पडला नव्हता.

म्हणून आवडीच्या क्रमात मी 'सैराट'ला वर ठेवतो. वडिलांना फोनवर हे सारे सविस्तर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि आपले जुनेच मत पुन्हा सांगितले: चित्रपट उत्तम आहे, पण हैदराबादचा भाग अर्ध्या तासाने कमी करायला हवा होता.