जुनं इंजिन घेताना डिकोडरचे पैसे देऊ नका

परवा बोरिवलीला एका काकांकडून मॉडेल रेल्वेचं जुनं एचओ स्केलचं (खऱ्याच्या 1/87 आकाराचं) डिझेल इंजिन घेतलं, जर्मन बीआर 218, गडद लाल. काका बोटीवर होते, नव्वदच्या दशकात हॅम्बुर्गला बोट लागलेली तेव्हा मुलासाठी आणलेलं. मुलगा आता परदेशात, इंजिन मूळ खोक्यात कपाटावर. म्हटलं, "काका, चालतं का?" तर म्हणाले, "चालायचं रे, पण शेवटचं कधी लावलं तेच आठवत नाहीये. आणि हे डिजिटल आहे हां, तेव्हा महाग मिळायचं."

4,500 सांगितले होते. मी काकांना नीट समजावलं की डिजिटल असल्याने किंमत वाढत नाही, उलट तिथेच कमी होते. मोटर, गिअर, बॉडी यांना तीस वर्षं म्हणजे काहीच नाही, साठच्या दशकातली डिकोडर नसलेली साधी डीसी इंजिनं आजही 12 व्होल्ट दिले की निघतात. पण डिकोडर, म्हणजे रुळांतून आलेले डिजिटल हुकूम वाचून मोटर चालवणारं इंजिनातलं छोटं सर्किट, नव्वदच्या दशकातला असेल तर जिवंत असला तरी मागच्या जमान्यातला. लेन्झ या जर्मन कंपनीच्या सिस्टिमवरून एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेने तेव्हाच डीसीसीचं (डिजिटल कंट्रोलचं) स्टँडर्ड केलं, त्या सुरुवातीच्या डिकोडरमध्ये बऱ्याचदा 14 किंवा 28 स्पीड स्टेप (वेगाच्या पायऱ्या), आज 128 असतात, आणि मोटर कमी फ्रिक्वेन्सीवर चालते म्हणून इंजिन हळू जाताना घुंईं करत राहतं. ऐकायला फार त्रास होतो, मला तरी.

टेस्ट तिथेच केली. माझ्या बॅगेत 9 व्होल्टची बॅटरी आणि दोन वायर कायम असतात. चाकांना लावली, काहीच नाही. मग काकांना विचारून बॉडी काढली, डिकोडर आठ पिनच्या सॉकेटमधून उपटला, खोक्यात तळाशी डीसीचा छोटा प्लग होता (डिकोडरशिवाय रुळांचा करंट सरळ मोटरला देणारा; हा लोक फेकून देतात, प्लीज फेकू नका) तो तिथे बसवला आणि परत बॅटरी लावली तर मोटर गुरगुरली आणि हळूच फिरली. म्हणजे मोटर ठणठणीत, बोर्डही ठीक, डिकोडर बहुतेक गेलेला. काकांचा चेहरा असा काही खुलला की मला पुढे भाव करवेना, 3,500 दिले. तो डिकोडर त्यांनी परत मागून घेतला, मुलाची आठवण म्हणून.

घरी आणल्यावर घाई केली नाही. आतलं ग्रीस गुळाच्या पाकासारखं घट्ट झालेलं, तसंच चालवलं तर मोटर जास्त करंट ओढते आणि नवा डिकोडरही गरम होतो. सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढलं, प्लॅस्टिकला चालणारं पातळ तेल अगदी थेंबभर. चाक हाताने फिरवून बघितलं, ठराविक जागी टक टक येतं का, कारण अॅक्सलवरचा प्लॅस्टिकचा गिअर आकसून फाटतो आणि वरून दिसतसुद्धा नाही.

यापेक्षाही जुनं इंजिन घेणार असाल तर हे करायलाच हवं, मल्टीमीटरने मोटरचे दोन्ही टर्मिनल चाकांशी आणि चेसिसशी जोडलेले आहेत का ते बघा. जुन्या डीसी इंजिनात मोटरचा एक ब्रश सरळ चेसिसला टेकलेला असतो, डीसीला त्याने काही फरक पडत नाही, पण तसाच डिकोडर जोडला तर पहिल्याच करंटला जळतो. मोटर पूर्ण वेगळी करायची, मग नारिंगी आणि करडी वायर मोटरला, लाल आणि काळी रुळांना. यासाठी लागणारा कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी इन्सुलेशनची चिकटपट्टी), बारीक वायर, एलईडी, 1 किलोओहमचे रेझिस्टर सगळं लॅमिंग्टन रोडला मिळतं, डिकोडर मात्र मी बाहेरून येणाऱ्या कोणाकडून तरी मागवतो.

साउंडवालं इंजिन असेल तर स्पीकरही बघा. लोकसाउंड या साउंड डिकोडरच्या 3.5 पर्यंतच्या आवृत्त्यांना 100 ओहमचा स्पीकर लागायचा, नव्यांना 4 किंवा 8 ओहमचा, म्हणजे डिकोडर बदलला की स्पीकरही बदला. शिवाय आपल्या पावसाळ्यात पितळेचे पिकअप (चाकांवरून करंट घेणाऱ्या पट्ट्या) हिरवे पडतात, मी आता सगळी इंजिनं झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवतो आणि जूनच्या आधी त्याच्या पुड्या बदलतो.

माझ्या 218 ला नवा डिकोडर बसवला, कंट्रोलरवरून अॅड्रेस 3 वर (डिकोडरचा नंबर) हाक मारली आणि टेबलावर अगदी मुंगीच्या चालीने, एकदाही न अडखळता ते पुढे गेलं. व्हिडिओ काकांना पाठवला, त्यांनी तो लगेच मुलाला पाठवला.

आता नजर आहे स्विस क्रोकोडाइल या इलेक्ट्रिक इंजिनाच्या मॉडेलवर. आपल्या घाटात जीआयपी रेल्वेने 1920 च्या दशकाच्या शेवटी आणलेलं डब्ल्यूसीजी 1, ज्याला लोक खेकडा म्हणायचे, ते त्याच घराण्यातलं, दोन्हीकडे लांब नाकं आणि वळणावर मधून वळणारं अंग. ठाण्यात एक जण विकतोय. फोनवर पहिलं हेच विचारलं की दोन रुळांचं का मार्कलिन या जर्मन कंपनीचं तीन रुळांचं, कारण मार्कलिनमध्ये खालचा स्लायडर मधून करंट घेतो, दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांपासून वेगळी केलेली नसतात, ते माझ्या ट्रॅकवर ठेवलं की सरळ शॉर्ट. रात्री त्याने खालून काढलेला फोटो पाठवला, मधे स्लायडर नाहीये. रविवारी सकाळी बॅटरी घेऊन जातोय.