वापरलेली बीएमडब्ल्यू थ्री सिरीज, नोंद तिसरी: गाडी अखेर दारात

गेल्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की गणपतीच्या आत गाडी दारात असेल. गणपती गेले, पितृपक्ष लागला, आणि माझी पार्किंगची जागा रिकामीच. इतकी रिकामी की सोसायटीतल्या पोरांनी तिथे खडूने बॅडमिंटनचं कोर्ट आखून घेतलं. आता त्या कोर्टावर गाडी उभी आहे आणि पोरं माझ्याशी बोलत नाहीत.

ज्यांनी आधीच्या दोन नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. राहणं नेरुळला. हवी होती बीएमडब्ल्यू 320डी, म्हणजे थ्री सिरीजमधली डिझेल, एफ-30 पिढीची. गाडीला 15 लाख, आणि त्याशिवाय 2 लाख वेगळे, ज्यांना गाडी घेताना हात लावायचा नाही. ही दुसरी रक्कम बाबांच्या एका वाक्यातून आली. ते म्हणाले, "घेशील रे, पोसशील का?" आम्हा वेड्यांच्या जमातीत हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून तो घरच्यांनी विचारावा लागतो.

320डी का, आणि तीही 2016 ची किंवा नंतरचीच का, यावर बऱ्याच जणांनी वाद घातला होता, तर एकदा सविस्तर. एफ-30 आपल्याकडे 2012 ला आली आणि 2019 ला पुढच्या जी-20 पिढीने तिची जागा घेतली. या सात वर्षांतल्या 320डी मध्ये दोन वेगवेगळी इंजिनं आहेत. जाहिरातीत फक्त '320डी, लक्झरी लाइन, शोरूम कंडिशन' एवढंच असतं. आधीच्या गाड्यांत एन-47: 184 अश्वशक्ती, 380 न्यूटन-मीटर. 2016 च्या फेसलिफ्टनंतर, म्हणजे गाडीचं रूप थोडं बदललं तेव्हापासून, बी-47: 190 आणि 400. आकड्यांतला हा फरक रस्त्यावर कळणारही नाही. खरी भानगड टायमिंग चेनची, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणाऱ्या साखळीची. दोन्ही इंजिनांत ती मागच्या बाजूला, गिअरबॉक्सला लागून असते. म्हणजे चेनचं काम निघालं की गिअरबॉक्स, नाहीतर अख्खं इंजिनच खाली. एन-47 ची चेन, त्यातही सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांची, ताणली जाण्यासाठी आणि तुटण्यासाठी जगभर बदनाम आहे. बी-47 त्या मानाने शहाणं लेकरू. 328आय मला मोहात पाडत होती, 245 घोडे पेट्रोलचे, पण तिच्या एन-20 इंजिनात चेनच्या प्लास्टिकच्या गाइडचं दुखणं आहे. म्हणजे आगीतून फुफाट्यात. मर्सिडीजची सी-क्लास आईला आवडली, मला चालवताना झोप आली. ऑडी ए-4 ची जुनी बी-8 पिढी स्वस्त मिळत होती, पण आपल्याकडे तिला बहुतेक करून मल्टिट्रॉनिक, म्हणजे सीव्हीटी, स्कूटरसारखा पायऱ्या नसलेला गिअरबॉक्स. स्पोर्ट सेडान म्हणून सीव्हीटी घ्यायची तर स्कूटर काय वाईट?

आता बघितलेल्या गाड्या.

पहिली दिल्लीची. बघितली असं म्हणणंही चूक, फोटोच बघितले. इथल्या भावापेक्षा दीड लाखाने कमी. कारण उघड होतं: दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) आणलेली बंदी आणि 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर केलेलं शिक्कामोर्तब. दहावं वर्ष जवळ आलं की तिकडचा मालक मिळेल त्या भावात गाडी काढायला बघायचा. आपल्याकडे तीच गाडी 15 वर्षं चालते. पण तिकडची एनओसी, इकडचा टॅक्स, नवा नंबर आणि यासाठी आरटीओच्या फेऱ्या, हे सगळं धरलं की दीड लाख वितळून जातात. शिवाय गाडी हाताने न चाचपता घ्यायची. सोडली.

दुसरी घोडबंदर रोडला, एका डीलरकडे. पांढरी, 2016 ची, मीटरवर 58 हजार किलोमीटर. हिच्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे मी जवळजवळ बयाणा देऊन बसलो होतो.

गाडी दिसायला नवरीसारखी. सोबत तुर्भ्याचे आमचे मिस्त्रीकाका होते, ज्यांनी आयुष्यभर फक्त जर्मन गाड्या उघडल्या. मला वाटलं ते बॉनेट उघडतील. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि पेडलला हात लावून बघत राहिले. ब्रेकच्या पेडलचं रबर कडेने गुळगुळीत झालं होतं. स्टीअरिंगवर उजव्या बाजूला, जिथे पंजा टेकतो, तिथे चामडं चकाकत होतं. "58 हजारात एवढं?" काका पुटपुटले. मग त्यांनी लॅपटॉप जोडला. या गाड्यांत एक सोय आहे: कुठल्याही मॉड्यूलमध्ये, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकात, बिघाड नोंदला गेला की त्या नोंदीसोबत तो किती किलोमीटरला झाला हेही साठवलं जातं. मीटर मागे फिरवणारा डॅशबोर्डचा आकडा बदलतो, पण घाईत बाकीच्या मॉड्यूलकडे बघत नाही. यादीत ग्लो प्लगचा, म्हणजे थंड डिझेल इंजिन सुरू होताना तापवणाऱ्या प्लगचा, एक जुना, मिटलेला बिघाड होता. त्यासमोर किलोमीटर: 91 हजार 400.

काकांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि काहीच बोलले नाहीत. डीलरचा मुलगा पाण्याची बाटली घेऊन आला. त्याला मी आकडा दाखवला, तर म्हणतो, "सर, सेन्सर खराब असेल." भविष्य सांगणारा सेन्सर. तेहतीस हजार किलोमीटर पुढचं सांगणारा.

घरी परतताना कापूरबावडीच्या सिग्नलला काका म्हणाले, "शेठ, गाडी वाईट नव्हती. माणूस खोटा होता." 91 हजारांची गाडी 91 हजारांच्या भावात दिली असती तर मी कदाचित घेतलीही असती. ते अजूनही मनात सलतंय.

तिसरी कल्याणकडची. हिला पाच मिनिटं पुरली. पुराच्या पाण्यातली गाडी ओळखायची एक युक्ती सगळ्यांना माहीत असते, कार्पेट उचलून बघायचं. विकणाऱ्यालाही ती माहीत असते, म्हणून कार्पेट नवंकोरं असतं. त्याऐवजी मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. रोज कुणी तो पूर्ण ओढत नाही, त्यामुळे धुवायचंही कुणाला सुचत नाही. हिच्या पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागावर चहाच्या रंगाचा डाग होता आणि गाळाचे बारीक कण. नमस्कार केला, निघालो.

चौथी खारघरची. सकाळी साडेसातची वेळ मुद्दाम ठरवली होती, कारण चेनचा खडखडाट ऐकायचा तर इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. गरम इंजिन बरीच पापं झाकतं. मी पोचलो, मालक हसतमुखाने उभे, गाडीवर पाण्याचे थेंब. बॉनेटवर तळहात ठेवला. गरम. म्हणजे भाकरीच्या तव्यासारखं नाही, पण नुकतीच कुणीतरी वीस मिनिटं फिरवून आणावी तसं. "धुवायला नेली होती हो," ते म्हणाले. धुतली खाली पार्किंगमध्येच होती, जमिनीवरचे ओघळ सांगत होते. कदाचित त्यांचं खरंही असेल. पण मी थंड इंजिन ऐकायला गेलो होतो, आणि ते मला ऐकू दिलं नाही, एवढं मला पुरलं.

आणि मग ऐरोली.

ही गाडी जाहिरातीत नव्हती. काकांच्या गॅरेजमध्ये सर्व्हिसला यायची, मालक बदलीवर पुण्याला चालले होते. सप्टेंबर 2016 ची, एकाच मालकाची, एमएच-43, राखाडी, 71 हजार. मागितले साडेपंधरा लाख. मालक माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, सरळ माणूस. मी साडेसातला गेलो तर म्हणाले, "काल संध्याकाळी सहापासून हलवली नाही, बोनेट बघा हवं तर." मला लाज वाटली. पण बघितलं. थंडगार.

स्टार्ट केली तेव्हा मी डोकं बॉनेटच्या मागच्या कडेपाशी, काचेजवळ नेलं होतं. डिझेलची नेहमीची टकटक. पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळी ओढल्यासारखा खर्रर्र आवाज यायला नको, तो नव्हता. रंगाची जाडी मोजायचं यंत्र काकांकडून उसनं आणलं होतं. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉनमध्ये येतो. सगळीकडे तेवढाच, फक्त डाव्या मागच्या दारावर 280. विचारायच्या आधीच मालक म्हणाले, "रबाळ्याला रिक्षाने घासली होती." पुट्टी असती तर आकडा आणखी बराच वर गेला असता. हे पटलं. चारही टायर मात्र 2019 चे निघाले. कडेवरचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक होती, पण रबर दगड झालेलं.

चालवायला पाम बीच रोडवर नेली नाही. तिथे सगळ्याच गाड्या छान चालतात. आधी एपीएमसीच्या मागचे खड्डे, मग बेलापूरला पारसिक हिलचा चढ. चढावर दुसऱ्या-तिसऱ्यात पूर्ण दाबली. झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा बॉक्स असा काही सरकतो की गिअर पडलेला फक्त काट्यावर कळतो. आणि स्टीअरिंग... वळणावर गाडीचं नाक आपण म्हणू तिथे जातं आणि मागून चाकं ढकलतायत हे कमरेला कळतं. याच्यासाठी तर सगळा अट्टाहास. मोबाइलवर ओबीडी (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) लावून कूलंटचं तापमान बघत होतो, कारण या डिझेलचा थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघडझाप करणारी झडप, उघडा अडकला की इंजिन कधी नीट तापतच नाही आणि चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. 90 च्या आसपास स्थिर.

एकच गोष्ट खटकली. खड्ड्यात मागच्या उजव्या बाजूने टक्, टक्. काका मागे बसले, डिकीला कान लावला, म्हणाले शॉकअब्सॉर्बरचा वरचा माउंट असावा. मालक म्हणाले, आम्हाला तर कधी ऐकू आलं नाही. सौदा 14 लाख 60 हजारांवर आला होता, मी त्या टक्-टक्साठी आणखी 15 हजार सोडवून घेतले. शेवटी 14 लाख 45 हजार.

कागदांचं थोडक्यात: मालकांचं कर्ज फिटलं होतं पण आरसीवर बँकेचं नाव तसंच, म्हणून आधी बँकेची एनओसी आणि ते नाव काढायचा फॉर्म 35, मग ट्रान्स्फरचे फॉर्म 29 आणि 30. वाशी आरटीओचं काम अपेक्षेपेक्षा सरळ झालं. इन्शुरन्स आपल्या नावावर करायला 14 दिवस असतात, आणि समोरच्याचा नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही, तो माणसाचा असतो. त्यामुळे प्रीमियमचा फरक भरावा लागतो, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं.

आल्या आल्या केलेलं पहिलं काम, गिअरबॉक्सचं तेल. बीएमडब्ल्यू म्हणते आयुष्यभर बदलायला नको. ज्यांनी गिअरबॉक्स बनवला ते झेडएफवाले म्हणतात 80 हजार ते 1 लाख 20 हजारांच्या दरम्यान बदला. मी बनवणाऱ्याचं ऐकलं. यात तेलाचा पॅन प्लास्टिकचा आणि फिल्टर त्यातच बसवलेला, म्हणून फिल्टर बदलायचा तर पॅनच नवा. तेल भरताना इंजिन चालू आणि तेल 30 ते 50 अंशांत असावं लागतं, नाहीतर पातळी चुकते. काकांनी लॅपटॉपवर तापमान बघत भरलं. जुनं तेल काळपट चहासारखं बाहेर आलं. पॅन, तेल, मजुरी मिळून 42 हजार. 2 लाखांचं पाकीट उघडलं एकदाचं. पुढे टायर आहेत. रनफ्लॅटच (हवा गेली तरी काही अंतर चालणारे) घ्यायचे की साधे, यावर घरात आणि डोक्यात भांडण चालू आहे. खाली स्टेपनीचा खड्डाच नसल्याने साधे घेतले तर पंक्चरचं किट आणि देव, दोन्ही सोबत ठेवावे लागतील.

सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर तिरका घ्यावा लागतो, नाहीतर पोटाला लागतो. वॉचमनला आता माहीत आहे, मी आलो की तो दोन्ही दारं उघडतो.

आणि ती टक्-टक्. गेल्या रविवारी माउंट मागवायच्या आधी डिकीचं अस्तर काढून बघू म्हटलं. या गाडीत बॅटरी पुढे नाही, डिकीत उजवीकडे असते, वजन दोन्ही अॅक्सलवर सारखं पडावं म्हणून. झाकण उचललं, टॉर्च मारला. बॅटरीच्या बाजूच्या फटीत एक सुपारी. पूजेची, हळद लागलेली, वाळून खडखडीत झालेली.

जुन्या मालकांना फोन लावला. ते खूप वेळ हसले. म्हणाले, "अहो, ती पहिल्या दसऱ्याची. हिने पानावर ठेवली होती, नंतर सापडलीच नाही." मग जरा थांबून म्हणाले, "बरं, आणि ते 15 हजार?"