पलंग वजा जाता

फ्लॅट बघून खाली उतरताना लिफ्टमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "बाकी सगळं छान आहे हो, पण बेडरूम लहान आहेत." त्यावर एजंटचं उत्तरही ठरलेलं, "झोपायलाच तर जायचं तिथे!" दोघांचंही म्हणणं खरं असतं आणि दोघांपैकी कोणीच टेप काढलेली नसते.

मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात अख्खा संसार मावायचा, कारण सकाळी अंथरुणं गुंडाळून ठेवली की झोपण्याची जागा जेवायची आणि अभ्यासाची व्हायची. पुनर्विकासात त्याच कुटुंबांना ५०० चौरस फुटांची, दोन बेडरूमची घरं मिळताहेत. अशा घरात पाऊल टाकल्यावर पहिली अडचण येते ती पलंगाची. किंग साइज गादी ७२ बाय ७८ इंच, म्हणजे ३९ चौरस फूट. सहा फूट रुंद आणि दोन फूट खोल कपाटाचे आणखी १२. दहा बाय दहाच्या खोलीतले एक्कावन्न फूट असे दोन वस्तूंतच गेले, आणि या दोन्ही वस्तू सकाळी गुंडाळता येत नाहीत. म्हणून बेडरूम किती चौरस फुटांची हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. पलंग आणि कपाट वजा जाता काय उरतं आणि ते कुठे उरतं, ते आधी बघावं.

ब्रोशरमध्ये हमखास दिसणारी दहा बाय अकराची खोली घेऊ. गादी सहा फुटांची असली तरी पलंगाची चौकट धरून रुंदी सव्वासहा फूट होते आणि डोक्याकडच्या फळीसकट लांबी सहा फूट दहा इंच. डोकं दहा फुटी भिंतीला ठेवलं तर बाजूला पावणेचार फूट उरतात. त्यातले दोन कपाट खाणार. राहिले एक फूट नऊ इंच. कपाटाचं शटर दीड फुटाचं, ते उघडेल, पण उघडताना आपण उभं राहायचं कुठे? आणि तेही पलंग पलीकडच्या भिंतीला घट्ट चिकटवल्यावर. म्हणजे भिंतीकडे झोपणाऱ्याने रात्री पाणी प्यायला उठायचं तर शेजाऱ्याला ओलांडून जायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी याचं काही वाटत नाही. चाळिशीनंतर वाटतं.

आता तोच पलंग अकरा फुटी भिंतीला लावा. कपाट बाजूला धरून दोन फूट नऊ इंच मोकळे राहतात आणि पायथ्याशी तीन फूट दोन इंच. एवढ्यात वावरता येतं. म्हणजे खोली तीच, पण पलंग कोणत्या भिंतीला लागतो यावर सगळं ठरलं. मात्र त्या अकरा फुटी भिंतीच्या मधोमध खिडकी, टॉयलेटचं दार किंवा नऊ इंच पुढे आलेला कॉलम असेल, तर तो पर्याय गेलाच. लहान बेडरूममध्ये सर्वात मौल्यवान काय, तर सलग, कोरी भिंत. एक पलंगाला, एक कपाटाला, अशा दोन कोऱ्या भिंती असलेली नऊ बाय दहाची खोली ही चारही भिंतींना भोकं असलेल्या अकरा बाय बाराच्या खोलीपेक्षा मी कधीही पसंत करेन. नऊ बाय दहात किंगऐवजी क्वीन, म्हणजे पाच फुटी गादी घ्यावी लागते. दहा फुटी भिंतीला तो पलंग आणि कपाट लावून मध्ये पावणेतीन फूट राहतात, पायथ्याशी दोन फूट दोन इंच. दोघांना पाच फूट पुरतात. त्यात पाच वर्षांचं पोर मध्ये शिरलं की पुरत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

दार बघताना सगळे ते कुठे आहे एवढंच बघतात. चौकट कोपऱ्यापासून किती लांब आहे, हे बघायला हवं. ती कोपऱ्यापासून सव्वादोन फुटांवर असेल तर दारामागे दोन फूट खोल कपाट बसतं. चार इंचांवर असेल तर उघडं दार त्या भिंतीवर जाऊन टेकतं आणि तिथली तीन फूट भिंत कायमची वाया. बिल्डरला या दोन फुटांचा खर्च काहीच नसतो, तरी नकाशे काढताना हा विचार क्वचितच होतो.

पंख्याचा घोळ तर राहायला गेल्यावरच कळतो. नेहमीचा पंखा १२०० मिलिमीटरचा, म्हणजे मध्यापासून पात्याचं टोक दोन फुटांवर. नऊ फूट रुंद खोलीत पंख्याचा हुक भिंतीपासून साडेचार फुटांवर. त्यातून पात्याचे दोन आणि कपाटाचे दोन फूट वजा केले, तर पातं आणि लॉफ्टचं शटर यांच्यात सहा इंच राहतात. छत नऊ फुटांवर, पंखा फूटभर खाली लोंबतो, आणि सात फुटांच्या वरचा लॉफ्ट बरोबर त्याच उंचीला येतो. दीड फुटी शटर उघडलं की थेट पात्यांत. त्यामुळे गौरी-गणपतीची आरास काढायची तर आधी पंखा बंद करायचा, पाती हाताने फिरवून वाट करायची आणि मग शटर उघडायचं. त्यात कोणी चुकून बटण दाबलं तर शटरही गेलं आणि पातंही. उपाय सोपा आहे : लॉफ्टला सरकती दारं लावावीत. सुतार ही गोष्ट आपणहून सांगेलच असं नाही.

कपाटाला सरकती दारं लावली की सगळे प्रश्न मिटले, असाही एक समज आहे. दार उघडायची जागा वाचते हे खरं, पण दोन पल्ले एकामागे एक धावत असल्यामुळे कपाटाची खोली दोन फुटांऐवजी सव्वादोन फूट करावी लागते, नाहीतर हँगरला अडकवलेल्या शर्टाच्या बाह्या दारात सापडतात. शिवाय एका वेळी अर्धंच कपाट उघडतं.

सॅम्पल फ्लॅटवर भरवसा ठेवू नये. तिथल्या खोल्यांना बऱ्याचदा दारंच नसतात, पलंग साडेपाच फुटांचा करून घेतलेला असतो, कपाटाच्या जागी आरसा असतो. तिथे गेल्यावर आधी गादी मोजावी. मग स्वतःच्या खोलीची मापं घ्यावीत. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याने चटई क्षेत्राची (कार्पेट एरियाची) व्याख्या पक्की केली, हे चांगलंच झालं, पण त्या क्षेत्रात घरातल्या आतल्या भिंतींची जागाही धरलेली असते. घरात साठ फूट लांबीच्या, गिलाव्यासह पाच इंच जाडीच्या आतल्या भिंती असतील तर २५ चौरस फूट भिंतींच्या पोटात गेले. ब्रोशरवरची मापं बहुतेक वेळा गिलाव्याआधीची असतात, त्यामुळे दहा फुटांची खोली भरते नऊ फूट अकरा इंच, आणि खाली स्कर्टिंगच्या पट्टीपाशी त्याहून थोडी कमी. चटई क्षेत्रात ३ टक्क्यांपर्यंतची तफावत महारेरा या राज्याच्या नियामक प्राधिकरणाच्या नमुना करारनाम्यातही मान्य आहे. खोलीचे दोन्ही कर्ण मोजावेत. अर्ध्या इंचाचा फरक चालून जातो. दोन इंचांचा निघाला तर खोली तिरकी आहे आणि कपाट व भिंत यांच्यामध्ये पट्टी मारावी लागणार.

"पुढे मागे भिंत पाडून दोन खोल्यांची एक करू," हा विचार नव्या इमारतींत बहुधा सोडूनच द्यावा. अ‍ॅल्युमिनियम फॉर्मवर्कच्या (साच्यांत काँक्रीट ओतून केलेल्या), म्हणजे सगळे ज्याला ‘मायवान’ म्हणतात त्या बांधकामात बऱ्याच आतल्या भिंतीही काँक्रीटच्या आणि भार पेलणाऱ्या असतात. त्या पाडता येत नाहीत. एसीच्या पाइपासाठी भोक पाडायचं तरी आधी विचारावं लागतं.

लहान खोलीत कपाटाला जागा एकच असते, त्यामुळे ती भिंत कोणती हे तपासून घ्यावं. तिच्या पलीकडे टॉयलेट असेल किंवा ती पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत असेल, तर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत प्लायच्या पाठीला बुरशी धरते आणि रेशमी साड्यांना वास येतो. अशा वेळी कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून बसवायचं, म्हणजे पुन्हा जागा गेली. एसी मात्र एक टनाचा पुरतो, ही लहान खोलीची जमेची बाजू. फक्त स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो. बंद खोलीत दोघं झोपले की पहाटे कोंदट वाटतं, तेव्हा खिडकी बोटभर उघडी असावी.

मग असं घर घ्यावं का? तिथे कोण झोपणार, त्यावर ठरतं. शाळकरी मुलाला आठ बाय दहा पुरते : तीन फुटी पलंग, दोन फूट खोल टेबल आणि खुर्ची मागे सरकायला अडीच फूट. त्याला दार बंद करता आलं पाहिजे, एवढीच त्याची मागणी असते. त्याच चटई क्षेत्रात दोन मोठ्या खोल्या की तीन लहान, असा पर्याय असेल आणि घरात आजी-आजोबा, मुलं असतील, तर मी तीन दारांच्या बाजूचा. पण आजी-आजोबांची खोली लहान घेऊ नये. वॉकर चालायला पलंगाशेजारी तीन फूट लागतात, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा दोन्ही बाजूंनी करावी लागते. भिंतीला चिकटलेल्या पलंगावर चादर बदलताना शुश्रूषा करणाऱ्याची कंबर जाते.

राहता राहिली गादी. सहा बाय साडेसहाची एकसंध स्प्रिंगची गादी वाकत नाही. ती लिफ्टमध्ये मावत नाही आणि जिन्याच्या वळणावर अडते. लहान खोलीत तर ती दारातून आत नेऊन आडवी करायलाही जागा नसते. तीन-तीन फुटांच्या दोन गाद्या मागवाव्यात. हायड्रॉलिक पलंग उचलतानाही एक गादी बाजूला घेता येते. मध्ये फट राहते हे खरं. त्यावर गोधडी टाकली की भागतं, आणि फटीवर कोणी झोपायचं हे ज्याने त्याने आपापल्या घरी ठरवावं.