सासूबाईंचा दम आणि न मिळणारी सीडी: माझा अनुभव

ज्यांच्या घरी कुणाला महिनोन्‌महिने खोकला आणि दम आहे, एक्स-रे साफ येतो, औषधं बदलून झाली तरी फरक पडत नाही, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहिते आहे. आणि एका स्कॅन सेंटरच्या खिडकीवर आमचा जो वेळ गेला, त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणूनही. मी त्या खिडकीपुढे उभी असायची त्या सगळ्या काळात सासूबाई घरी रोज रात्री त्याच हवेत झोपत होत्या, जिच्यामुळे त्या आजारी पडल्या होत्या.

आम्ही ग्वाल्हेरचे, तिथल्या लष्कर नावाच्या भागातले. जुनं दगडी घर, खाली बैठक आणि आईंची खोली, वर आम्ही. (सासूबाईंना मी आईच म्हणते.) मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर जातो, लू वाहते, आणि एप्रिल लागला की घरोघरी खिडकीत कूलर बसतो तो सप्टेंबरपर्यंत हलत नाही. पावसाळ्यात चिकचिक होते तरी लोक तो चालूच ठेवतात.

आईंचा त्रास उन्हाळ्याबरोबर सुरू झाला. कोरडा खोकला, पहाटे थंडी वाजून बारीक ताप, आणि गच्चीवर कुरडया घालायला गेल्या की अर्ध्या जिन्यात बसून घ्यावं लागायचं. घरच्या डॉक्टरांनी आधी खोकल्याचं औषध दिलं, मग दमा म्हणून पंप दिला. इको झाला, ईसीजी झाला, थायरॉइड झालं. रक्तातली ॲलर्जीची तपासणी जराशी वाढलेली आली, म्हणून घरातले गालिचे काढले, गाद्या उन्हात टाकल्या. टीबीची शंका आली, थुंकीची तपासणी केली, त्यात काही निघालं नाही. सासरे गेल्याला तेव्हा फार काळ झाला नव्हता, त्यामुळे ‘मनावर घेतलंय त्यांनी’ असंही सगळ्यांनी म्हणून घेतलं. हे ऐकून आई गप्प बसायच्या आणि मला फार वाईट वाटायचं.

मध्ये त्या पुण्याला भाचीच्या मुलाच्या मुंजीला गेल्या, पंधरवडाभर मावशींकडे राहिल्या. तिथे खोकला थांबला. मावशी फोनवर म्हणाल्या, ‘अगं, ही तर पर्वती अर्धी चढून आली.’ परत आल्यावर दोन रात्रींत ताप आणि दम पुन्हा हजर. आई स्वतः सांगत होत्या, ‘पुण्यात मी बरी होते.’ सगळे म्हणाले, हवापालट झाला, मन रमलं. हे वाक्य इथे मुद्दाम लिहिते आहे. घरापासून लांब गेल्यावर माणूस बरा होत असेल आणि परतल्यावर पुन्हा आजारी पडत असेल, तर डॉक्टरांना सगळ्यात आधी तेच सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.

ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र घरात असेल तर बसल्या बसल्या मोजून समाधान मानू नका. आईंचा आकडा बसलेल्या अवस्थेत 96 असायचा आणि प्रत्येक दवाखान्यात तोच लिहिला जायचा. जिना चढून आल्या आल्या लावलं तर 88. नखाला नेलपेंट असेल तर आकडा चुकू शकतो, तेवढं बघा.

शेवटी एका छातीच्या डॉक्टरांनी एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन करायला सांगितला. एक्स-रेत जे दिसलं नव्हतं ते त्यात दिसलं: दोन्ही फुप्फुसांत धुरकट डाग, काही भाग काळे, काही पांढुरके. डॉक्टर म्हणाले, हा दमा वाटत नाही, फुप्फुसाच्या आतल्या पेशीजालाचा आजार दिसतो. ‘पक्षी पाळता का? कबुतरं?’ आम्ही नाही म्हटलं. मग ते म्हणाले, दिल्लीला दाखवा, आणि या स्कॅनची सीडी बरोबर न्या, नुसत्या फिल्मवर भागणार नाही.

इथे आम्ही अडकलो.

फिल्मवर मोजकी चित्रं लहान करून छापलेली असतात. स्कॅन होतो तेव्हा एकेक मिलिमीटरच्या आसपास जाडीचे शेकडो काप घेतलेले असतात, आणि मोठे डॉक्टर ते काप संगणकावर वरखाली सरकवत बघतात. शिवाय नंतर दुसरा स्कॅन करावा लागला, तर आजार वाढला की कमी झाला हे पहिल्या स्कॅनशी ताडूनच कळतं. हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा मी एवढंच समजून गेले होते की पैसे भरलेत, स्कॅन आमचा आहे, मागितला की मिळेल.

‘सीडी तो उसी दिन माँगनी थी,’ खिडकीतला मुलगा म्हणाला. मी म्हटलं, त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. तो म्हणाला, उद्या या. दुसऱ्या दिवशी मूळ बिल मागितलं. मूळ बिल यांच्या कंपनीत खर्चाच्या परताव्यासाठी जमा केलेलं, माझ्याकडे झेरॉक्स होती. झेरॉक्स चालणार नाही. हे मालनपूरच्या कारखान्यात, पाळीची नोकरी. कंपनीकडून बिल परत मिळवायचं म्हणजे तिथे आणखी एक अर्ज. तो अर्ज केला, बिल आणलं, तर खिडकीवर दुसराच माणूस. तो म्हणाला, पेशंटचं आधार कार्ड आणि पेशंटची चिठ्ठी लागेल. चिठ्ठी नेली. ‘आप कौन हैं? बहू? बेटे को भेजिए.’

मी सून आहे म्हणून मला कागद द्यायचा नाही, हे कुठल्या नियमात बसतं ते मी विचारलं. उत्तर आलं नाही. मग म्हणाले, पेशंटलाच घेऊन या. खिडकी पहिल्या मजल्यावर, लिफ्ट बंद. आईंना मी हात धरून एकेक पायरी चढवत नेलं. वर पोचल्या तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं, आणि तो माणूस त्यांचा चेहरा बघून म्हणाला की सिस्टमवाले सर रजेवर आहेत, सोमवारी या. आई उतरताना मला म्हणाल्या, ‘राहू दे गं, नको ती सीडी.’ त्या दिवशी मी घरी येऊन रडले.

सोमवारी सर होते. ते म्हणाले, सर्व्हर भरला की जुना डेटा निघून जातो, तुमचा बहुतेक गेला असेल. बघून सांगा म्हटलं, तर म्हणाले, दुसरा स्कॅन करून घ्या, सवलत देऊ. पहिल्या स्कॅनची जागा दुसरा कसा घेईल? तोवर आईंची तब्येत बदललेली होती. आणि सीटी स्कॅनमध्ये एक्स-रेपेक्षा कितीतरी जास्त किरणं अंगात जातात, तो काही असाच हौसेने पुन्हा करायचा नसतो. दिल्लीची मिळालेली तारीख या सगळ्यात निघून गेली. पुढची तारीख लांबची मिळाली. घरी कूलर चालूच होता.

मार्ग सापडला तो आमच्या मराठी मंडळातल्या एका वकील काकांमुळे. त्यांनी सांगितलं, खिडकीवर हुज्जत घालू नकोस, लेखी अर्ज दे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेत आहे की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने कागदपत्रं मागितली, तर डॉक्टरांनी पोच द्यायची आणि 72 तासांत ती द्यायची. अधिकार दिलेला माणूस कुणीही असू शकतो, सूनसुद्धा. अर्ज सेंटरच्या नावाने लिहिला नाही. रिपोर्टवर ज्या रेडिओलॉजिस्टची सही होती त्यांच्या नावाने लिहिला. हिंदीत, एका पानात: स्कॅनची तारीख, फिल्मच्या कोपऱ्यात छापलेला क्रमांक, आईंची सही, माझं नाव आणि नातं, 2002 चा नियम, 72 तास. दोन प्रती. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय मी खुर्चीवरून उठणार नाही, असं शांतपणे सांगितलं आणि बसून राहिले.

शिक्का मिळायच्या आधीच रेडिओलॉजिस्ट स्वतः बाहेर आले. अर्ज वाचला, आतल्या तंत्रज्ञाला हाक मारली. त्या मुलाने फिल्मवरचा क्रमांक टाकला आणि स्कॅन समोर आला. कुठेही गेलेला नव्हता. चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात सीडी माझ्या हातात होती. मी पेनड्राइव्हवर आणखी एक प्रत मागून घेतली. मला त्या अर्जाचा अभिमान आहे आणि तो मी अजून जपून ठेवलाय.

तुम्हाला असा स्कॅन करायला सांगितला, तर सीडी त्याच दिवशी मागा आणि घरी उघडून बघा. चित्रं शेकड्यात असली पाहिजेत. बिल कुठेही जमा करण्याआधी त्याच्या दोन झेरॉक्स काढून एकीवर सेंटरचा शिक्का घेऊन ठेवा. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं ‘छातीचा सीटी’ एवढंच असेल, तर श्वास सोडूनही चित्रं घ्यायची आहेत का, हे विचारा. आमच्या पहिल्या स्कॅनमध्ये फक्त श्वास भरूनची होती. श्वास सोडल्यावर हवा कुठे कोंडून राहते हे या आजारात फार कामाचं असतं, असं दिल्लीत कळलं.

दिल्लीचं बाकी सगळं सुरळीत झालं. सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन किती उतरतो ते बघितलं, फुंकण्याच्या तपासण्या झाल्या. पंपाचा उपयोग का होत नव्हता तेही कळलं: श्वासनळ्या आकसलेल्या नव्हत्या, फुप्फुसात हवा मावणंच कमी झालं होतं, आणि प्राणवायू रक्तात उतरायला अडथळा होत होता.

मग डॉक्टरांनी पेन उचललं आणि घराबद्दल विचारायला सुरुवात केली. भिंतींना ओल आहे का. पिसांच्या उश्या आहेत का. गच्चीवर किंवा खिडकीच्या कठड्यावर कबुतरं बसतात का. धान्याची कोठी कुठे आहे. कोणत्या खोलीत झोपता, तोंड कुणीकडे करून झोपता, हवा कुठून येते. आई म्हणाल्या, ‘कूलर समोर असतो.’ आणि लगेच स्वतःच पुण्याचं सांगितलं. मावशींकडे फक्त पंखा आहे. डॉक्टरांनी ते शब्दशः लिहून घेतलं. इतक्या महिन्यांत आईंचं म्हणणं कुणीतरी कागदावर लिहिलं, ते पहिल्यांदाच.

आजाराचं नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. कूलरची जाळी सतत ओली, टाकीत साचलेलं पाणी, त्यात बुरशी आणि जंतू वाढतात, आणि पंखा त्यांचे कण थेट खोलीत फेकतो. काहींच्या शरीराची प्रतिकारशक्ती या कणांवर उलटते आणि फुप्फुसाच्या बारीक पिशव्यांना सूज येते. ताप आणि खोकला हवा ओढल्यानंतर काही तासांनी येतो, म्हणून कुणाला संबंध लक्षात येत नाही. नेहमीच्या ॲलर्जीच्या तपासणीत हा आजार पकडला जात नाही. एकाच खोलीत झोपणाऱ्या सगळ्यांना होतो असंही नाही. भारतातल्या 19 शहरांतल्या रुग्णांची नोंद ठेवून 2017 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात फुप्फुसाच्या पेशीजालाच्या आजारांत हाच सगळ्यांत जास्त आढळला, जवळपास निम्म्या रुग्णांत; आणि या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या घरी कूलर होता. आमच्याकडे पक्ष्यांचं विचारलं गेलं, कूलरचं नाही. ग्वाल्हेरमध्ये कूलर म्हणजे पंख्यासारखीच गोष्ट, त्याला कोण कारण समजणार?

घरी येऊन यांनी कूलर गच्चीवर नेऊन उघडला. जाळीतलं गवत आतून काळं, टाकीच्या तळाशी हिरवट बुळबुळीत थर, वास कुबट. ज्या उन्हाळ्यात तिघरा धरणाचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यात टाकी रिकामी करून धुवायला पाणी कुठून आणणार? घरोघरी वरून भर घालतात, आमच्याकडेही तेच व्हायचं. कूलर भंगारवाल्याला दिला. आईंना मागच्या हवेशीर खोलीत हलवलं. डॉक्टरांनी काही काळ स्टेरॉइड दिलं आणि हळूहळू उतरवत बंद केलं. ते आपल्या मनाने सुरू किंवा बंद करायचं औषध नाही.

आई आता जिना न थांबता चढतात. चालल्यावरचा ऑक्सिजन 94 पर्यंत राहतो. पण नंतर दुसरा स्कॅन झाला, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघितले तेव्हा दुसऱ्यात काही बारीक रेषा होत्या, पहिल्यात नव्हत्या. सूज उतरली, त्या रेषा राहतील, असं डॉक्टर म्हणाले. त्यातल्या किती त्या खिडकीच्या खात्यावर मांडायच्या हे कुणी सांगू शकणार नाही. सीडी मागितली तेव्हाच मिळाली असती तर दिल्लीची पहिली तारीख चुकली नसती आणि कूलर त्याच पावसाळ्याच्या सुरुवातीला बंद झाला असता, एवढं मात्र मला पक्कं कळतं.

एसी घेतला तर प्रश्न संपतो असं समजू नका, त्याच्या जाळ्याही वेळेवर धुवाव्या लागतात. ज्यांना कूलरच वापरायचा आहे त्यांनी गवत दर हंगामाला नवं घालावं, टाकी पूर्ण रिकामी करून घासावी आणि मध्येमध्ये कोरडी पडू द्यावी. पण घरात कुणाला हा आजार ठरला असेल, तर धुऊन वापरायचा विचारही करू नका, काढूनच टाका. आणि उघडताना रुग्णाला घरात ठेवू नका; एन-95 मास्क लावून, गच्चीवर किंवा अंगणात नेऊनच उघडा, खोलीत जाळी झटकू नका.